मालवणातल्या वाईन शॉपची स्वतःची टॉप टेन: एक प्रकरण

आधी दुकान कसं आहे ते सांगतो, मग प्रकरण. मालवणच्या बाजारपेठेत जुनं एफएल-टू लायसन्स, म्हणजे आपण ज्याला वाईन शॉप म्हणतो तेच. आत शिरलात की समोर व्हिस्की, डाव्या हाताला रम आणि ब्रँडी, उजवीकडे बियरचे फ्रिज, आणि वाईन कुठाय विचारलंत तर काउंटरवरचा पोरगा मानेनेच मागचा कोपरा दाखवणार. तिथे एक फडताळ. वरच्या फळ्यांवर नाशिकच्या लाल-पांढऱ्या, मधे एकदोन परदेशी ज्या कुठल्यातरी एजंटने कधीतरी गळ्यात मारलेल्या, आणि सगळ्यात खाली पोर्ट वाईन, जी खरं तर एकटी त्या फडताळाचं भाडं भरते. मालकांना गावात सगळे आबा म्हणतात, मीही. मी त्यांचे हिशोब बघतो, व्हॅटचं रिटर्न, बँक, मार्चमधली रडारड वगैरे (दारू अजून जीएसटीत नाही, व्हॅटमध्येच आहे, हे सांगितलं की लोक चकित होतात). यावर लिहू का विचारलं तर आबा म्हणाले लिही, दुकानाचा नाव नको आणि मास्तरांचे मार्क छापायचे. पुढे छापलेत.

तर प्रॉब्लेम काय होता. व्हिस्कीची सीलबंद बाटली फळीवर कितीही वर्षं पडली तरी तिचं फारसं काही बिघडत नाही, वाईनचं तसं नाही, ती बाटलीत गेल्यावरही बदलत राहते आणि तिला थंडावा लागतो, बारा ते पंधरा डिग्री. आता मे महिन्यात दुपारी शटर ओढलं की पत्र्याखाली काय होत असेल याचा विचार तुम्हीच करा, वर लाईट जाते ती वेगळीच. बूच हळूहळू वर सरकतं, मानेवरून चिकट ओघळ येतो, आतली वाईन अक्षरशः शिजते. आणि पावसाळ्यात लेबलावर बुरशी. ती ओल्या फडक्याने पुसायला गेलं की बुरशीबरोबर सालाचा आकडाच निघून येतो, खाली नुसता पांढरा कागद, मग ती बाटली 2019 ची की 2022 ची हे देवाला माहीत. म्हणजे ऑक्टोबरात भरलेला माल मेच्या आत गेला पाहिजे, कारण आमचा सीझनच तेवढा, दिवाळी ते मे. जून-जुलै मासेमारी बंद, स्कूबा बंद, टुरिस्ट नाही, गावातला माणूस वाईन घेत नाही.

आणि माल जात नव्हता. गिऱ्हाईक फडताळासमोर उभं राहायचं, एक बाटली उचलायचं, मागचं पुढचं वाचायचं, दुसरी उचलायचं, दोन्ही ठेवायचं आणि बियर घेऊन जायचं. लोक वाईनला घाबरतात हो. चुकीची नेली तर बरोबरचे हसतील, उच्चार चुकला तर दुकानदार हसेल, बियरला असलं काही नसतं. त्यात शेजारी गोवा. तिथला टॅक्स कमी, बाटली स्वस्त, आणि बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असूनही किती डिक्क्यांतून ती बांद्याच्या अलीकडे येते ते इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर कळतं. भावाच्या बाबतीत आबा गोव्याशी भांडूच शकत नाहीत, सिंधुदुर्गातला कुठलाच दुकानदार शकत नाही. भांडायचं तर दुसऱ्या कशावर तरी.

मग आला 2024 चा नोव्हेंबर. पुण्याची एक फॅमिली, देवबागला उतरलेली, त्यातला एक मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, ही आहे का?" स्क्रीनवर डॉन मेलचोर, चिलीची लाल वाईन, कॅबर्ने सोव्हिन्यॉं द्राक्षाची, साल 2021. वाईन स्पेक्टेटर नावाचं अमेरिकन मासिक आहे, ते 1988 पासून दरवर्षी शंभर वाईनची यादी काढतं, त्यात त्या वर्षी हिचा पहिला नंबर लागलेला. आमचा काउंटरवरचा पोरगा मागे जाऊन आला आणि म्हणाला, "डॉन संपली, सोमवारी येईल." त्याला काहीही विचारा, सोमवारी येतं.

आबांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि गिऱ्हाईक ताटकळत असताना यादी वरून खालपर्यंत वाचून काढली. त्यातलं फडताळात काय काय आहे? काहीच नाही. "जगातल्यो शंभर चांगल्यो वाईनी, आणि माझ्या दुकानात एक पण नाय? मगे मी इतकी वर्सां विकतंय तरी काय?"

मुलाने शेवटी बियरच घेतली. पण आबांच्या डोक्यात यादी घुसली ती घुसलीच, संध्याकाळी मला बोलावून म्हणाले ही डॉन मागवायची तर कितीला पडेल सांग. ढोबळ हिशोब केला. अमेरिकेत तिची किंमत दीडशे डॉलरच्या आसपास, तेव्हाच्या भावाने साडेबारा हजार. परदेशी वाईनवर तेव्हा भारतात कस्टम ड्युटी दीडशे टक्के (ऑस्ट्रेलियाला 2022 च्या शेवटी लागू झालेल्या करारात जरा सूट मिळाली), ती दुकानातल्या किमतीवर नसून आयातीच्या किमतीवर लागते हे खरं, पण मग राज्याची ड्युटी, व्हॅट, आयातदार, होलसेलर, प्रत्येकाचा हात. आणि ही सगळी कथा मुळात ते लेबल महाराष्ट्रात रजिस्टर असेल तर. नसेल तर पैसे असून उपयोग नाही, दुकानाला विकताच येत नाही. म्हणजे आमच्याकडे पहिली यादी सरकार करतं, दुसरी होलसेलर करतो, अमेरिकेच्या यादीचा नंबर त्यानंतर कधीतरी. आकडा ऐकून आबा म्हणाले त्या पैशात एक माणूस चिलीला अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन येईल.

पुढचं मात्र मला आवडलं. दुसरा कोणी असता तर विषय सोडला असता, आबांनी त्या यादीचे नियम शोधून वाचायला लावले, म्हणजे मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. चार गोष्टी बघतात ते लोक. एक, चाखून दिलेले गुण. दोन, किंमत. तीन, माल किती आहे, म्हणजे किती केस (बाटल्यांची खोकी) बनवल्या आणि परदेशी असेल तर अमेरिकेत किती आल्या. आणि चौथी गोष्ट म्हणजे ज्याला ते एक्स-फॅक्टर म्हणतात, त्या बाटलीमागे काहीतरी उत्साह वाटावा अशी गोष्ट हवी. त्यामुळे यादी नुसत्या गुणांनी लागत नाही, जास्त गुणवाली खाली आणि कमी गुणवाली वर असं होऊ शकतं. तिसरा नियम ऐकून आबा थांबले. "अमेरिकेत किती इली ता बगतत? मगे ही जगाची यादी कशी, ही तेंच्या दुकानदारांची यादी." आणि यादी नोव्हेंबरातच का येते हे तर कुठल्याही दुकानदाराला समजावून सांगावं लागणार नाही, पुढे नाताळ आणि थर्टी फर्स्ट आहे.

देवगड हापूस चांगला की रत्नागिरी हापूस, हा वाद ज्यांनी आयुष्यभर ऐकलाय त्या माणसांना खरं तर नंबराचं काम वेगळं शिकवावं लागत नाही. पेटीवर काय छापलंय ते बघून वाशीत भाव ठरतो, आंबा नंतर कापतात, आणि कापल्यावर तो कर्नाटकचा निघाला तरी पेटीचे पैसे गेलेले असतात. आबांच्या मामांची देवगडला कलमं आहेत, त्यामुळे या विषयात ते निःपक्षपाती नाहीत, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता, नंबर फळाला नसतो, पेटीला असतो.

जुने पहिले नंबर चाळताना अजून एक गंमत सापडली. 2014 ला पहिली आलेली वाईन कुठली, तर डाऊज व्हिंटेज पोर्ट, साल 2011. पोर्ट! आबा उठून उभेच राहिले. आपल्या खालच्या फळीवरची पोर्ट, जी गावातल्या आज्या औषध म्हणून रात्री झाकणभर घेतात, जी नेताना प्रत्येक जण "आईक व्हयी" सांगतो, ती जगात पहिली? मी सांगायचा प्रयत्न केला की ती पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, आंबवणं अर्ध्यावर थांबवायला तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात म्हणून ती गोड राहते आणि वीस टक्क्यांच्या आसपास कडक असते, व्हिंटेजवाली, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची, तर पुढे वर्षानुवर्षं बाटलीत मुरत ठेवतात, आणि आपली म्हणजे स्वस्तातली गोड लाल वाईन, संबंध फक्त लेबलापुरता. त्यांनी ऐकून घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पोर्ट घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, पोर्ट जगात पहिली इल्ली, 2014 साली. खोटं नाही, पण खरंही नाही, धंद्यात ह्या दोहोंच्या मधली जागा बरीच मोठी असते.

आणि मी त्यांना पॅरिसची गोष्ट सांगितली, जी सांगायला नको होती असं काकींचं, म्हणजे आबांच्या बायकोचं, मत आहे कारण पुढचा सगळा राडा तिच्यामुळे झाला. 1976 साली, 24 मे, पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर नावाच्या एका इंग्रज माणसाने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन एकत्र ठेवून, कुठली कुठली ते न सांगता, नऊ फ्रेंच जाणकारांना चाखायला दिल्या. जिंकणार फ्रान्स हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं, स्परिअरनेसुद्धा. लाल वाईनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, पांढऱ्यात शातो मॉंतेलेना, तीही तिकडचीच, दोन्ही 1973 च्या. एका परीक्षक बाईंनी आपल्या मार्कांचे कागद परत मागितले, त्याने दिले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, आणि हा स्परिअर कोण होता माहित्ये? पॅरिसमध्ये त्याचं वाईन शॉप होतं.

"वाईन शॉपवालो?" आबा म्हणाले. झालं.

तर आबांची यादी. आधी त्यांनी नियम ठरवले, अमेरिकेचे चार नियम समोर ठेवून. गुण राहू देत, पण मार्क देणारे मालवणचे आणि ताटात मासा पाहिजे, कारण इथे येणारा माणूस वाईन नुसती पीत बसत नाही. किंमत राहू देत. मालाच्या जागी मे महिना, म्हणजे फडताळात उन्हाळा काढेल की नाही. आणि एक्स-फॅक्टरच्या जागी त्यांनी लिहिलं, "काकीला आवडली का." यावर मी हसलो तर म्हणाले, तेंच्या चौथ्या नियमात तरी काय वेगळां आसा, कोणतरी एक माणूस ठरवता ना उत्साह वाटलो की नाय?

चाखणं दुकानात करता येत नाही. लायसन्स सीलबंद विक्रीचं आहे, आत बाटली फोडली तर प्रकरण वेगळ्याच वळणावर जाईल. म्हणून आबांच्या घरच्या पडवीत, रविवारी दुपारी, परमिटवाल्या माणसांना बोलावून. मंडळी अशी: निवृत्त मास्तर, ज्यांनी अर्ध्या गावाला गणित शिकवलं. एक तांडेल, त्यांची बोट तेव्हा दुरुस्तीला वर काढलेली म्हणून मोकळे. तारकर्लीचे एक होमस्टेवाले. काकी. आणि मी, म्हणजे मार्क टिपायला. बाटल्या आठ, सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आणि वर स्केचपेनने आकडा. ग्लास म्हणून आबांनी स्टीलची फुलपात्रं ठेवली, काचेचे तेवढे नव्हते घरात, पण त्याने एक काम झालं, रंग दिसेना. यात जरा तथ्य आहे, 2001 च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोला फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाईनच्याच विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनचे शब्द वापरून केलं. डोळा आधी पितो, जीभ नंतर.

आबांनी अजून एक चावटपणा केलेला जो फक्त मला माहीत होता. दोन नंबर आणि सहा नंबर एकच वाईन, नाशिकची एक शेनिन ब्लां, म्हणजे पांढरी, एकाच बाटलीतली, अर्धी दुसऱ्या बाटलीत ओतलेली. ही कल्पना माझी नाही, कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन म्हणून निवृत्त प्राध्यापक होते, स्वतःची छोटी वायनरी, आपल्या वाईनला एका स्पर्धेत सोनं मिळतं आणि दुसऱ्या स्पर्धेत काहीच नाही हे बघून वैतागलेले. त्यांनी तिथल्या राज्य मेळ्याच्या स्पर्धेत परीक्षकांना एकच वाईन एकाच बाटलीतून तीनदा, न सांगता, पाजायची सोय केली, आणि 2008 मध्ये निकाल छापला. साधारण परीक्षकाचे मार्क त्याच वाईनला चार वर चार खाली होत होते, आणि दरवेळी जवळपास सारखे मार्क देणारे दहातले एक. ही तिकडची पट्टीची माणसं बरं का, आमच्या पडवीतली नव्हेत.

मार्क शंभरपैकी द्यायचे ठरले आणि तिथेच पहिलं भांडण. मी सांगितलं की तिकडे शंभर म्हणतात पण सुरुवात पन्नासपासून होते. मास्तर उखडले. "पन्नास फुकट? मग शाळा कशाला काढलीत?" ते म्हणाले मी शून्यापासून देणार, आणि दिले. मास्तरांचे मार्क, आबांच्या अटीप्रमाणे, बाटली एक ते आठ: 31, 28, 35, 22, 30, 35, 19, 12. म्हणजे दोन पास, तेसुद्धा काठावर, आणि त्यातली एक सहा नंबर, जिला दोन नंबर म्हणून त्यांनीच नापास केलेलं. सात गुणांचा फरक, एकच बाटली. नंतर कागद उघडले तेव्हा मास्तर म्हणाले मधे सोलकढी प्यायलो म्हणून. हसायची गोष्ट नाही, ते बरोबर होतं. आंबट काही पिऊन वर वाईन घेतली की वाईनचा आंबटपणा दबतो आणि ती गोडसर, गोल लागते. दोन नंबर त्यांनी कोरड्या तोंडाने घेतलेली, सहा नंबर सोलकढीवर.

बांगडा आला तसा खेळ बदलला. काकींनी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं केलेलं आणि वर तळलेले बांगडे. बाटली तीन, बेंगळुरूजवळची एक तगडी लाल, शिराज, तोपर्यंत सगळ्यांची लाडकी होती. बांगड्याचा घास आणि वर तिचा घोट, तांडेलांनी तोंड वाकडं केलं, "आबानू, ह्येका लोखंडाचो वास येता." होमस्टेवाल्यांना पटेना, पण तांडेल खरे निघाले. 2009 ला जपानी संशोधकांनी हेच दाखवलंय, लाल वाईनमध्ये जे थोडं लोह असतं ते माशाच्या तेलाशी भिडलं की तो हिवसाण वास उठतो, आणि बांगडा म्हणजे तेलाचाच मासा. वरून तिखट आणि लाल वाईनचा तुरटपणा एकमेकांना चढवतात, जिभेला आग. तिरफळाने जीभ बधिर झालेली ती वेगळीच. तीन नंबर पहिल्यावरून धाडकन खाली. शेनिन मात्र वर चढली, जरा गोडसर, थंडगार, तिखटाला धरून. तांडेलांचा शेरा मी आहे तसा लिहून ठेवलाय: "ह्यां आंबाट आसा, पण बांगड्यावांगडा बरां लागता." वाईनवर इतकं नेमकं वाक्य मी मासिकांतसुद्धा फार वाचलेलं नाही.

आता बाटली आठ. मास्तरांचे 12, तांडेलांनी मार्कच दिले नाहीत, होमस्टेवाल्यांनी फुलपात्र झाडात ओतलं. कागद काढला तर इटालियन, आबांच्या पुतण्याने दुबईहून येताना ड्युटी फ्रीमधून आणलेली, तिथल्या सगळ्यांत महागडी, मानेवर कुठल्याशा स्पर्धेच्या पदकाचा सोनेरी स्टिकर. पण ती गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून फ्रिजच्या वर उभी होती. फ्रिजच्या आत नव्हे, वर, जिथे मागून गरम हवा येते. पदक खोटं नव्हतं, ज्यांनी दिलं त्यांनी थंड खोलीत नीट राखलेली बाटली चाखलेली, मालवणचा मे महिना त्यांच्या हिशोबात नव्हता. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला कामाचा मुद्दा हा एवढाच आहे, बाकी गंमत. मार्क मिळतात त्या दिवशीच्या त्या बाटलीला, आणि गिऱ्हाईक घरी नेतं ती दुसरीच बाटली असते, जी बोटीतून, टेम्पोतून, गोडाऊनमधून, घाटातून आलेली असते. वाईनवाल्या देशांत मधला प्रवास बरा असतो म्हणून तिथे यादीला अर्थ जरा जास्त. आपल्याकडे यादीच्या आधी टेम्पोवाल्याला मार्क द्यायला पाहिजेत.

काकींनी सगळं शांतपणे घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "माका ह्येतला काय कळणा नाय, पण चार नंबराचा आणखी जरासा घाला." चार नंबर पोर्ट. आबा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते.

सोमवारी यादी तयार, दहा नंबरांची. आठ बाटल्यांतून दहा नंबर कसे, तर काही वाईन एकाहून जास्त जागी आल्या, जसं एक वाईन दोन जागी (बांगड्याबरोबर पहिली, नुसती प्यायला पाचवी) आणि पोर्टसुद्धा दोन जागी, तिसरी आणि नववी, "आजीसाठी" आणि "आजीच्या नावाने स्वतःसाठी". बाकीच्या ओळी पण अशाच. "सासऱ्यांना द्यायला, बाटली जड आहे." "कोंबडी-वड्यांबरोबर, लाल, पण मासा मधे आणू नका." "फिरकीचं झाकण, ओपनर विसरलात तरी चालेल." फिरकीच्या झाकणाला लोक अजून कमी समजतात, आमच्या हवेत मात्र तेच बरं, बूच सुकायची, सरकायची भानगड नाही.

आबांना ती मोठ्या बोर्डावर रंगवून दुकानाबाहेर लावायची होती. त्यांचे एक वकील मित्र संध्याकाळी क्वार्टर न्यायला आले आणि म्हणाले येडो झालंस काय, 1949 च्या दारूबंदी कायद्यात दारूच्या जाहिरातीला मनाई आहे, बाहेर नावं रंगवलीस तर तुझाच पहिला नंबर लागेल. मग यादी आत आली, फडताळाला चिकटवलेली, हाताने लिहिलेली, आणि ब्रँडची नावं उडवली. फक्त नंबर आणि वर्णन, त्याच नंबरची चिठ्ठी बाटलीच्या मानेला दोऱ्याने. खाली, "वाईनसाठी वय 21 पूर्ण, परमिट विचारणार." वकिलांनी केलेल्या या अडचणीने यादी उलट सुधारली असं मला वाटतं. नाव असतं तर लोकांनी ते मोबाईलवर टाकून अजून कुठलीतरी तिसरी यादी काढली असती. नाव नाही म्हटल्यावर माणूस विचारतो, हे सासऱ्यांचं काय आहे, मग आबा बोलायला लागतात आणि आबा बोलायला लागले की बाटली गेली समजा.

विक्रीचं सांगतो, आकड्यांशिवाय. डिसेंबरात एक नंबर आधी संपला, अपेक्षेप्रमाणे, आणि मग तोच त्रास सुरू झाला जो सगळ्या याद्यांना होतो, लोक फक्त पहिला मागतात. दोन नंबर दाखवला तर चेहरा पडतो, जसं काही त्यात काही कमी आहे. आबांनी एक दिवस सरळ दोन नंबरची चिठ्ठी काढून एक नंबरची लावली आणि यादीत लिहिलं, "पहिली संपली म्हणून ही पहिली." मला वाटलं लोक चिडतील. उलट त्या ओळीमुळेच जास्त खपली, इतकं उघड कोण सांगतं?

जानेवारीत एका कंपनीचा सेल्समन आला, यादी वाचून हसला, फोटो काढला, आणि मग हळूच म्हणाला आमची पहिली टाका, केसमागे एक बाटली स्कीम देतो. आबांनी विचार केला हे मी बघितलंय, पाच मिनिटं तरी केला. मग म्हणाले काकीला आवडली तर टाकतो, बाटली घरी पाठव. ती आली, काकींना आवडली नाही, विषय संपला. यावरून मला तरी असं वाटतं की चौथा नियम, ज्याला मी हसलो होतो, तोच यादीतला सगळ्यांत कडक नियम आहे, कारण त्याला स्कीम देता येत नाही.

परदेशी बाटल्या आबा आता फेब्रुवारीनंतर घेत नाहीत, कितीही स्वस्त दिल्या तरी. पांढरी फ्रिजमध्ये गेली, बियरचा एक कप्पा रिकामा करून, त्यावर पोरगा अजून नाराज आहे. वरच्या फळीवरची लाल मेमध्ये घरी आणून माजघरात, जमिनीवर, ओल्या गोणपाटाखाली ठेवतात, कागदोपत्री हे कितपत बसतं यावर मी काही बोलत नाही, मी फक्त स्टॉक रजिस्टर जुळवतो. मास्तरांनी रिचेकिंगचा अर्ज दिलाय, लेखी, की सहा नंबरचे 35 सोलकढीमुळे मिळालेले असल्याने ते कमी करून तिला नापास करावं. आबांनी तो अर्ज यादीशेजारी चिकटवलाय, टुरिस्ट त्याचाच फोटो जास्त काढतात.

राहता राहिला दहावा नंबर. तिथे आबांनी ती दुबईची शिजलेली लिहिली होती, मजेत. "10. फ्रिजवर ठेवलेली इटालियन. विक्रीला नाही. आम्ही चाखली, तुम्ही वाचलात." मोसम संपेपर्यंत फडताळासमोर उभं राहून लोकांनी सर्वात जास्त चौकशी कशाची केली असेल तर तिची. मिळेल का, कितीला, एखादी तरी, फक्त बघायला. पोरगा प्रत्येकाला सांगत होता सोमवारी येईल. मे महिन्यात एक एजंट आला, त्याने यादी पाहिली, गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकलं आणि वही काढून विचारलं, "आबा, ही दहा नंबरवाली दोन केस टाकू का?"